समास कोरा आहे

भोसरी
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय भूषण,

अभिनंदन. पुढे ‘मनापासून’ असं लिहिणार होतो, पण माझं अक्षर ओळखावं तसं माझं खोटंही तू ओळखतोस. तेव्हा नुसतंच अभिनंदन.

सुमनताईंनी तुला ऑफिसात घेतलं हे मला पिंटूकडून कळलं. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून! मी बेअर अ‍ॅक्टची, म्हणजे नुसत्या कायद्याच्या मजकुराची, पानं काढायला उभा होतो, तर तो म्हणाला, “दादा, तुमचा जोडीदार लागला की मोठ्या वकिलीणबाईंकडं. तुमचं काय?” माझं काय ते त्याला सांगितलं नाही. एक पान वाकडं आलं होतं, त्यावरून त्याच्याशी भांडलो आणि घरी आलो.

तू कंपनीचा राजीनामा दिलास, तेव्हा आता आपला लॉकर एकट्या माझा. तीन वर्षं त्या लॉकरवर आपण दोघांनी एक डिग्री केली रे. मोबाईल गेटवर जमा, तू पहिल्या शिफ्टला तर मी दुसऱ्या. ज्याची दुसरी शिफ्ट त्यानं सकाळी कॉलेजला जायचं, आणि दुसऱ्यासाठी लॉकरमध्ये वही आणि चिठ्ठी ठेवून कामाला लागायचं. आठवडा बदलला की माणूस बदलायचा. चाकणच्या त्या शेडमध्ये आपल्याइतकी पत्रं कोणी कोणाला लिहिली नसतील. म्हणून फोन न करता लिहितोय. फोनवर आवाज चढतो. हे पत्र पिंटूकडे ठेवतो, उत्तर द्यायचं तर तिथंच ठेव.

आता खरं सांगू? मला फार लागलं. कायदा शिकायचं माझ्या डोक्यात आलं होतं, तुझ्या नाही. पहिल्या वर्षी तू गाईड घेऊन फिरत होतास. कायदा आणि निवाडे हे प्राथमिक स्रोत. कॉमेंट्री, डायजेस्ट, गाईड हे सगळे दुय्यम, रस्ता दाखवायला ठीक, पण कोर्टात उभं राहायला नाहीत, हे तुला कोणी सांगितलं? हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या वरचा सारांश, कोर्ट लिहीत नाही, छापणारा लिहितो, म्हणून तिच्यावर विसंबायचं नाही, हे कोणी सांगितलं? सायटेशन म्हणजे निवाड्याचा पत्ता: साल, खंड, पान. तो पत्ता चुकला की माणूस भलत्याच घरात शिरतो, असं मी तुला लिहिलं होतं आणि तू पुढे हसणारं तोंड काढून चिठ्ठी परत ठेवली होतीस. ती मी जपून ठेवली आहे. सध्या बघवत नाही.

ताईंनी आपल्या दोघांना एकच प्रश्न दिला होता. मी बावीस पानं लिहिली, तू तीन. ताई मला म्हणाल्या, “ज्योतीराम, तुम्हाला पुष्कळ माहीत आहे. पण काय सोडून द्यायचं ते भूषणला माहीत आहे.” हे त्यांचं बोलणं रेशिओ समजायचं, म्हणजे ज्यावर निकाल उभा राहतो ते कारण, की ओबिटर, म्हणजे जाताजाता टाकलेलं वाक्य, यावर मी आठवडाभर विचार करतोय.

जागा एकच होती. मी त्रेचाळीस वर्षांचा, तू तिशीतला. तुला आणखी दहा ठिकाणं मिळाली असती.

आणि पहिलीच फाईल चिमाजीची! आपल्या डिस्पॅचला माल चढवणारा चिमाजी, कंत्राटदाराचा माणूस. नोटीस नाही, काही नाही, गेटवरूनच परत पाठवलं त्याला. त्याला हाताला धरून ताईंकडे नेलं मी. असो.

तुझा,
ज्योतीराम


भोसरी
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय भूषण,

तुझं पत्र मिळालं. ‘दादा, रागावलात का’ या प्रश्नाला उत्तर देत नाही. बाकीच्याला देतो.

चिमाजीनं वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की नाही, यावर सगळी केस उभी आहे, हे तू मला समजावून सांगितलंस. छान वाटलं. तिसरीच्या पोरानं मास्तरला पाढे म्हणून दाखवावेत तसं वाटलं. दिवस भरले असतील तर नोटीस आणि भरपाईशिवाय काढणं बेकायदा, आणि चिमाजी परत कामावर. कंपनी म्हणते भरले नाहीत, चिमाजी म्हणतो भरले. तर मग शाबित कोणी करायचं?

तू उच्च न्यायालयाचा तो जुना निवाडा शोधलास. कामगारानं शपथेवर सांगितलं की पुरे, पुढे हजेरी दाखवायची ती कंपनीनं. सोन्यासारखा निवाडा आहे. ताईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळे वाचायचं सगळं तुझ्यावर आहे, आणि फुकटच्या साइटवर निवाडा मिळाला तरी पुढे त्याचं काय झालं ते मिळेलच असं नाही, म्हणून तू मला विचारतोस: ‘दादा, हा अजून टिकून आहे ना? समासात मला काही दिसलं नाही. पण तो खंड तुम्ही पूर्ण वाचला होतात.’

आपल्या ग्रंथपाल नानासाहेबांची पद्धत तुला माहीतच आहे. लायब्ररीत पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. एखादा निवाडा पुढे वरच्या कोर्टानं उलटवलेला सापडला, की ज्याला सापडला त्यानं मूळ निवाड्याच्या समासात तसं लिहायचं: कोणी उलटवला, कुठल्या खंडात, खाली आपली सही आणि तारीख. महागडं सॉफ्टवेअर आपल्या कॉलेजला परवडत नाही. पैसे न भरल्यानं लॉगिन दिवाळीपासून बंद आहे. तीस वर्षं पोरं समासात लिहीत आली, म्हणून आपली परीक्षा पार पडते. नानासाहेब म्हणतात, “छापलेलं चुकेल, समास चुकणार नाही. तिथं माणसाची सही आहे.”

तू विचारलंस म्हणून मी गुरुवारी मुद्दाम जाऊन तो खंड उघडला. समास कोरा आहे.

आणखी एक. परवा वर्षालीनं तुझ्या पत्राचं पाकीट पाहिलं. म्हणाली, “भूषणभाऊजींचं अक्षर बघा, जसं काही छापलंय. नाहीतर तुमचं!” लग्नाला सतरा वर्षं झाली, माझ्या अक्षराबद्दल ती आजवर काही बोलली नव्हती. तुझ्या घरी तुझ्या वडिलांनी, भिवाकाकांनी, पगारातून घेतलेल्या पुस्तकांचं कपाट होतं. आमच्याकडे जालन्याला कपाटच नव्हतं, पुस्तकं दूरच राहिली. अक्षर कुठून येणार?

तुझ्या आईला, गिरजाबाईंना, नमस्कार सांग.

ज्योतीराम


भोसरी
२ मार्च २०२५, रविवार

भूषण,

हे पत्र पिंटूकडे ठेवणार नाही. लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहितोय.

आज पुनावळ्याला गेलो होतो. चिमाजी तिथं एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. अंगात मोठ्या मापाचा शर्ट, हातात गाड्यांचे नंबर लिहायची वही. मला पाहून उठून उभा राहिला. म्हटलं, बस रे, मी कोण साहेब आहे का?

“व्हय की, वकीलच व्हनार तुमी आता,” तो म्हणाला. “ज्योतीराम, बारा तारखेला शेवटचं बोलनं हाय म्हनं कोर्टात. भूषणला लई जुना कागुद घावलाय आपल्या बाजूचा. हजेरी कंपनीनंच दाखवायची, आपुन न्हाई.”

“असं म्हणाला तो?”

“व्हय. आनि म्हनला, ह्ये समदं दादानीच शिकिवलं. दादा नसतं तर मला पुस्तक उघडाया बी येत न्हवतं.” चिमाजीचे डोळे भरून आले. “पोरीला सांगून ठिवलंय, आपा परत कंपनीत जानार. तिला ह्यो शर्ट आवडत न्हाई.”

मी मान खाली घालून चहा प्यायलो. भूषण, तू मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. जागा तुझी, फाईल तुझी, अक्षर तुझं, आणि वर मोठेपणाही तूच घेऊन गेलास. मला म्हणून काही शिल्लक ठेवायचं होतंस की!

समास कोरा आहे, कारण तो मी कोरा केला.

गेल्या वर्षी मूट कोर्टच्या, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्याच्या, तयारीत मला तो निवाडा उलटलेला सापडला होता. सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की नुसती शपथ पुरत नाही, कामगारानंही काहीतरी पुढे आणलं पाहिजे. मीच पेन्सिलनं लिहिलं होतं: ‘उलटला’, पुढे खंड, पान आणि माझी सही. ताईंनी तुझं नाव घेतलं, चिमाजीची फाईल तुझ्याकडे दिली, आणि तिसऱ्या दिवशी मी लायब्ररीत गेलो. तू या निवाड्यापर्यंत पोचणार हे मला माहीत होतं. मी शिकवलेल्या रस्त्यानंच येणार होतास. नानासाहेब खिडकीशी पेपर वाचत होते. शर्टाच्या खिशातून पोराचं खोडरबर काढलं आणि सगळं पुसलं. कागदाला सुरकुती पडू नये म्हणून खाली तळहात धरला होता. इतका शांत होतो मी.

वाटलं होतं, तू ताईंसमोर एकदा तोंडावर पडशील आणि ताईंना कळेल की तीन पानांत काय काय सुटतं. ताई वाचतीलच, त्या पकडतील, गोष्ट ऑफिसातच राहील. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होईल हे मला काय माहीत? पण तू पत्रानं विचारलंस तेव्हा माहीत होतं. तेव्हाही मी ते तीन शब्द लिहिले. एकही शब्द खोटा नाही, म्हणून स्वतःवर खूशही झालो.

अजून दहा दिवस आहेत. मी तुला सांगेन. उद्या कंपनीतून आलो की सांगेन.


भोसरी
१७ मार्च २०२५

प्रिय भूषण,

बारा तारखेचं कळलं. वाईट वाटलं. कंपनीच्या वकिलानं उभं राहून सांगितलं म्हणे की, साहेब, हा निवाडा उलटून बरीच वर्षं झाली, आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालाची प्रत पुढे ठेवली. ताईंना मुदत मागावी लागली. नऊ एप्रिलची तारीख मिळाली, शेवटची संधी म्हणून.

ताईंनी तुला विचारलं, “तपासलं होतंस का?” तू म्हणालास, “माझं चुकलं ताई, मी पुरतं तपासलं नाही.” ताई म्हणाल्या, “तुझ्या चुकीचा दंड चिमाजी भरणार आहे. तू काही दिवस येऊ नकोस.” हे मला ताईंनीच सांगितलं. शनिवारी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, ज्योतीराम, तुमची बावीस पानं मी हसण्यावारी नेली, ते चुकलं. या तुम्ही.

तर मी गेलो. कंपनीत रजा टाकली आणि गेलो. तुझ्या खुर्चीत बसतो. खुर्ची चांगली आहे, फक्त उजवा हात डुगडुगतो. तुला माहीतच असेल.

तुझ्या टेबलाच्या खणात एक पान सापडलं. तू चिमाजीच्या टिपणाला जोडलेली तपास-यादी. काय पाहिलं, कधी पाहिलं, कोणाला विचारलं, हे शेवटी लिहायची सवय तुला मीच लावली होती. त्यात सातव्या नंबरला लिहिलंय: ‘ज्योतीरामदादांना पत्राने विचारले. १५ फेब्रु.चे उत्तर: समास कोरा आहे.’ ते पान फाईलमधून काढून तू खणात ठेवलंस. ताईंपुढे धरलं असतंस तर सुटला असतास.

तुला कधी कळलं? कोर्टातून परत येताना, की त्याआधीच? सुप्रीम कोर्टाचा तो खंड मी वाचला होता हे तुला आठवलं असणार. तरी गप्प बसलास. तुझा हाच गुण मला सहन होत नाही.

पान परत खणात ठेवलं आणि खण लावून घेतला. काम खूप आहे.

ज्योतीराम


भोसरी
२३ मार्च २०२५

भूषण,

या पाकिटात दोन मार्चचं न पाठवलेलं पत्र आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? मी केलं. मी पुसलं. आडवळणानं सांगण्यासारखं काही नाही. शुक्रवारी ताईंनाही सांगितलं.

माझं मन आपोआप पालटलं असं समजू नकोस. चार दिवस मी मजेत होतो. ताईंनी विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं मी पुस्तक न उघडता दिली आणि घरी जाऊन वर्षालीला दोनदा सांगितली. मग शुक्रवारी ताई म्हणाल्या, पुरावा पुन्हा उघडावा म्हणून कोर्टात अर्ज द्यायचा आहे, तो टाईप करा. आधीचा निवाडा चुकून का दिला गेला, तेही त्यात लिहा. ‘सहायकाच्या निष्काळजीपणामुळे’ असं लिहा. खाली शपथपत्र जोडायचं आहे.

‘सहायकाच्या’ टाईप केलं. पुढचा शब्द होईना. पत्रातला तो कोरा समास मला जमला होता, कारण ते वाक्य खरं होतं. हे वाक्य खोटं होतं, आणि ताई ते शपथेवर सांगणार होत्या. ताईंच्या डोळ्यांवर अजून काळा चष्मा आहे. त्या म्हणाल्या, “झालं का? वाचून दाखवा.” मी खणातलं तुझं पान काढलं आणि सातवा नंबर वाचून दाखवला. मग पुढचं सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, “अर्ज पुरा करा. खरं कारण लिहा. आणि उद्यापासून येऊ नका.” मी अर्ज पुरा केला. म्हटलं, ताई, मी चिमाजीच्या बाजूनं साक्षीला उभा राहतो, मी त्याला वर्षभर रोज पाहिलंय, कंपनीनं मला काढलं तर काढू दे. ताई म्हणाल्या, “तुम्हाला उलटतपासणीत पहिला प्रश्न काय येईल, ज्योतीराम?” मी खुर्ची सरकवून उठलो.

ताई तुला बोलावतील, किंवा बोलावलंही असेल. जा. उलटवणारा तो निकाल हेडनोटवरून वाचू नकोस, आत शिर. नुसती शपथ पुरत नाही हे हेडनोटमध्ये आहे. पण कामगार कोर्टाला अर्ज देऊन कंपनीची हजेरी आणि गेटचं रजिस्टर मागवू शकतो, आणि कंपनीनं ते दडवलं तर कोर्ट तिच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं, हे आत आहे. बाजू आपली पडलेली नाही. डिस्पॅचला माल चढवणारे आणखी दोघे आहेत, त्यांची नावं मागच्या बाजूला लिहिली आहेत. ते साक्ष देतील.

तू माफ केलंस असं मला लिहू नकोस. ते वाचून मला तुझा आणखी राग येईल. तुझा हेवा मला आजही वाटतो, हे लिहितानाही वाटतोय. तू त्या खुर्चीत परत बसशील आणि मी पहिल्या शिफ्टची बस पकडीन, हे मला सोसवत नाही. तो हेवा जाईल असं वाटत नाही. पण समास मी परत लिहिला. काल नानासाहेबांसमोर लिहिला, सही केली, तारीख घातली आणि खाली लिहिलं की मधले दीड महिने ही नोंद मी पुसली होती. नानासाहेबांनी चष्मा काढून ते वाचलं, माझं लायब्ररी कार्ड मागून घेतलं आणि टेबलाच्या खणात टाकलं.

आज चिमाजीकडे गेलो. तुझ्याकडून कळण्याआधी त्याला माझ्या तोंडून कळावं म्हणून गेलो. गेटवर उभ्यानंच सांगितलं. मला वाटलं तो अंगावर येईल. तो आला नाही. त्यानं गाड्यांची वही मिटली आणि विचारलं, “येवढं शिकून ह्येच केलंस व्हय?”

मी हो म्हटलं.

“त्या पुस्तकांत आमच्यासारक्या लई लोकांचं आसंल,” तो म्हणाला. “अजून कुटं कुटं पुसलंस?”

एवढंच पुसलं, चिमाजी, मी म्हणालो, शपथेवर सांगतो. त्यानं वही पुन्हा उघडली आणि आत आलेल्या गाडीचा नंबर लिहिला. भूषण, मी एकच नोंद पुसली होती. पण ते शाबित करायला माझ्याकडे माझ्या शब्दाशिवाय दुसरं काही नाही.

ज्योतीराम